घराला गप्प करणारी गोळी

दिवाळीत अनारशांना खसखस लावायला बसलो की आमच्या अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वर्षी न चुकता एक वाक्य बोलतात, "गसगसी भाळ हाकब्याड, निद्दी बरतैति." खसखस फार घालू नकोस, झोप येते. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत हे वाक्य मराठीत नाहीतर कानडीत कानावरून गेलेले असतेच. खरे तर खसखशीत झोप आणण्याइतके काही नसते. पण अत्तींच्या बोलण्यात जुन्या पिढीची एक आठवण दडलेली आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक पाझरतो ती अफू, बोंड वाळल्यावर आत खुळखुळते ती खसखस, आणि उरलेले टरफल म्हणजे डोडा किंवा पोस्त. झाड एकच. अफू सरकारजमा होते, खसखस आपल्या डब्यात येते आणि डोडा बरेचदा चोरवाटेने भलत्याच घरी पोचतो.

प्रथम वर्षाच्या वर्गात चीनची अफूची युद्धे शिकवताना मी हे सांगितले, तेव्हा निम्म्या मुलींनी नाक मुरडले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र विचारले, "मॅडम, पण अफू आता कुठे असते? ते जुन्या काळातले ना?" प्रश्न साधा होता, पण तासाच्या दहा मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता. २६ जून हा आपल्याकडे शाहू जयंतीचा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली हाच दिवस अंमली पदार्थविरोधी दिन म्हणून ठरवला. तेव्हा या सदरात त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले.

माझी थोरली बहीण भोपाळला असते. तिचे सासर मूळचे नागपूरचे. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला गेली. नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबे तेव्हा बाडबिस्तारा बांधून तिकडे निघाली. आक्काचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांतलेच. पुढे दाजीही सरकारी नोकरीत लागले आणि तुलसी नगरमध्ये त्यांना क्वार्टर मिळाले. बैठ्या घरांच्या रांगा, मोठमोठी झाडे, शेजारी शिवाजीनगर, थोडे पलीकडे तात्या टोपे नगर. नावे वाचून आपण आपल्याच मुलखात आहोत असे वाटावे.

आक्काच्या रांगेतच मंदसौरकडचे एक निवृत्त ड्रायव्हर मुलाकडे राहत. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. मंदसौर, नीमच, रतलाम हा माळव्याचा पट्टा म्हणजे परवान्यावर अफू पिकवण्याचा मुलूख. दिवाळीच्या आसपास पेरणी, माघ-फाल्गुनात पांढऱ्या फुलांनी भरलेली शेते, मग दुपारी बोंडांना चिरा द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू लागलेला चीक खरवडून घ्यायचा. त्यातला थेंबन्‌थेंब सरकारला मोजून द्यावा लागतो. कमी भरला तर पुढच्या वर्षी परवाना धोक्यात. या सगळ्यावर लक्ष ठेवणारे केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना नीमचला. तिथले पोपट बोंडांवर तुटून पडतात म्हणून शेतकरी राखण करतात, हेही खरे.

बाबूजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. रात्रभर जागायला आणि अंगदुखी मारायला त्यांनी डोड्याचे पाणी प्यायला सुरुवात केली होती. ट्रक सुटला तरी डोडा सुटला नाही. सकाळी भिजवलेल्या टरफलाचे काळपट पाणी प्यायल्याशिवाय ते खाटेवरून उठत नसत. माणूस भांडकुदळ नव्हता. दारुड्यासारखा आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. ओसरीत बसून असायचे. सून म्हणायची, त्यांचा काही त्रास नाही, गप्प असतात. एकदा दोन दिवस डोडा मिळाला नाही, तेव्हा मात्र सगळ्या रांगेने त्यांचे कण्हणे रात्रभर ऐकले. नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा, पोटात पिळे. तिसऱ्या दिवशी मुलानेच कुठूनसा डोडा आणून दिला आणि घर पुन्हा शांत झाले.

हे सारे आक्काच्या सासूबाईंनी पाहिले होते. त्यामुळे २०१३ साली नानांच्या कर्करोगाने हाडे धरली आणि डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा त्या माउलीने चिठ्ठी पदराला बांधून ठेवली. "अफूच ना ती? माझ्या घरात नको." अकरा दिवस नाना कण्हत राहिले. शेवटी एका वयस्कर नर्सबाईंनी घरी येऊन त्यांना समजावले. दुखणे आहे म्हणून मोजून घेतलेले औषध आणि औषधावाचून जगताच येत नाही म्हणून वाढवत नेलेले व्यसन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गोळ्या सुरू झाल्या. नानांनी पुढचे दोन महिने वर्तमानपत्र वाचले, नातवाशी पत्ते खेळले, नागपूरच्या गोष्टी सांगितल्या. ज्या बोंडाने शेजारचे बाबूजी गप्प केले होते, त्याच बोंडातल्या औषधाने नाना पुन्हा बोलू लागले. अफूविषयी बोलताना हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा, नाहीतर व्यसनाच्या भीतीने आपण वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचे औषध तोडू. केंद्र सरकारनेही २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसारखी औषधे रुग्णांना मिळण्याची वाट थोडी सोपी केली.

आता थोडा इतिहास, कारण माळव्याच्या अफूत आपलाही हात आहे. माळव्यावर शिंदे-होळकरांचा अंमल होता. १८१८ नंतर इंग्रजांचे वर्चस्व आले, पण बंगालसारखी अफूची मक्तेदारी त्यांना इथे बसवता येईना. माल चोरवाटांनी पोर्तुगीजांच्या दमणला जाई आणि तिथून चीनला. तेव्हा १८३१ च्या सुमारास कंपनीने पेटीमागे कर घेऊन तोच माल मुंबईतून जाऊ देण्याचा तोडगा काढला. बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून माळव्याची अफू मुंबई बंदरावर येऊ लागली. १८३९ साली चीनचे अधिकारी लिन झेशू यांनी वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या. त्यांत माळव्याच्या पेट्याही होत्या. त्यावरून युद्ध पेटले. मुंबईच्या ज्या जे. जे. रुग्णालयात आपल्या भागातूनही रुग्ण जातात, ते उभारणाऱ्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही चीनच्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. दान खोटे नव्हते, पण पैसा कुठून आला तेही विसरू नये.

अफू चीनला गेली तशी मुंबईच्या चाळींतही शिरली, आणि तीही पाळण्यात. तिचे नाव बाळगोळी. आपल्याकडे बाळगुटी देतात ती ही नव्हे. वेखंड (कानडीत बजे), जायफळ, हळकुंड सहाणेवर उगाळून दिलेल्या गुटीत अफू नसते. बाळगोळीत ती असे. गिरणीत दहा-अकरा तास उभे राहणाऱ्या बाईने तान्हे मूल कुठे ठेवायचे? शेजारणीकडे ठेवले तर ते भुकेने रडणार. मग मोहरीएवढी गोळी दुधात नाहीतर बोटावर दिली की मूल दिवसभर निपचित. १९२२ साली डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीकामगार बायकांची पाहणी केली. शेकडा ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असे त्यांना आढळले. अठ्ठ्याण्णव! मुले रडत नसत आणि पोटभर पीतही नसत. ती सुकत जात, आणि आई म्हणे बाळ गुणी आहे, त्रास देत नाही.

त्या बायकांना बोल लावणे सोपे आहे. पण त्या दुष्ट नव्हत्या, अडाणीही म्हणू नये, त्यांना दुसरा उपाय नव्हता. म्हणूनच नुसत्या उपदेशाने बाळगोळी गेली नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. मजुरांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात बाळगोळीची दखल घेतली. गिरण्यांत पाळणाघरे आली. मूल ठेवायला जागा मिळाली तसतशी गोळीची गरज कमी होत गेली. व्यसन तोडायचे तर ते कोणती गरज भागवते आहे ते आधी शोधावे लागते, हा धडा मुंबईच्या चाळींनी शंभर वर्षांपूर्वी दिला आहे.

पुढची पायरी गर्दची. अफूतून मॉर्फिन निघते, मॉर्फिनपासून हेरॉइन बनते. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले ते खोकल्याचे औषध म्हणून! १९८० नंतर तेच हेरॉइन ब्राऊन शुगर होऊन मुंबई-पुण्याच्या पोरांच्या हाती पुडीतून पडले. आपल्या लोकांनी त्याला गर्द म्हटले आणि ते न मिळाल्यावर होणाऱ्या हालांना पोरांनीच नाव दिले, टर्की. अनिल अवचटांनी या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाखाची देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता अवचट यांनी. त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. व्यसनी माणूस म्हणजे गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवण्यात या संस्थेचा फार मोठा वाटा आहे. पाच आठवडे राहून उपचार, गटात बसून बोलणे, घरी गेल्यावर पाठपुरावा, आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट. बायकांनी एकमेकींशी बोलावे, एवढ्यासाठी! मला ही गोष्ट सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. अफू आता कुठे असते? २०१९ साली दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यात २ कोटी २६ लाख भारतीय कोणत्या ना कोणत्या रूपात अफूच्या जातीचे पदार्थ घेतात असे दिसले. अफू आणि डोडा घेणारे लोकसंख्येच्या ०.५२ टक्के, गोळ्या-औषधे घेणारे ०.९६ टक्के, हेरॉइन घेणारे १.१४ टक्के. उपचारांची गरज असलेले सुमारे ७७ लाख. म्हणजे नुसत्या अफू-डोड्यापेक्षा जास्त लोक आज औषधाच्या दुकानातल्या वेष्टनामागे अडकले आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या. ट्रामाडोल तर २०१८ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. बोंड दिसत नाही, पुडी दिसत नाही, दिसते ती औषधाची बाटली. त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी असाच अडकला. त्याच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे लिहिते. मोटारसायकलचा अपघात झाला, पायात सळी घातली, दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. पाय बरा झाला, गोळ्या चालूच राहिल्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. वडील मराठी, आई कानडी. घरात दोन भाषा, पण या विषयावर दोन्ही बंद. आईला सहा महिन्यांतच कळले होते. मुलगा दुपारपर्यंत झोपतो, शौचाला आठ-आठ दिवस होत नाही, पैसे गायब होतात. पण थोरलीचे लग्न ठरत होते. बापाने काही विचारले की आई म्हणायची गप्प बसा, आणि आजी म्हणायची सुम्मनिरु. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न झाले, मूठ उघडली, तेव्हा तो रोज तीस गोळ्यांवर होता.

मग घरच्यांनी नेहमीच्या चुका ओळीने केल्या. आधी खोलीत कोंडले. चौथ्या दिवशी तो कडी तोडून पळाला. मग बसस्थानकाजवळच्या भिंतीवरचा नंबर बघून चहातून गुपचूप द्यायची पुडी आणली. मग लग्न करून द्यावे असा सल्ला आला. सुदैवाने तो कुणी मानला नाही. अखेर एका नातेवाइकाने सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितले ते प्रत्येक घराने ऐकावे असे आहे.

आपल्या मेंदूत वेदना शमवणारे रसायन मुळातच तयार होते. अफूच्या जातीचा पदार्थ बाहेरून सतत मिळू लागला की मेंदू त्यालाच सरावतो. तेवढ्याच मात्रेने भागत नाही, म्हणून मात्रा वाढते. आणि पदार्थ बंद केला की अंग बंड करते. जांभया, नाक गळणे, काटा, जुलाब, पोटऱ्यांत गोळे, झोप नाही. गर्दसारख्या पदार्थाचे हे हाल आठ-बारा तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातात आणि आठ-दहा दिवसांत ओसरतात. हा काळ औषधांनी बराच सुसह्य करता येतो. पण अंग स्वच्छ होणे ही सुरुवात झाली, शेवट नव्हे. तल्लफ पुढे कित्येक महिने राहते. म्हणून ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली रोज, डॉक्टरांच्या देखरेखीत, लागली तर वर्षानुवर्षे देतात. काहींना मेथाडोन देतात, काहींना नाल्ट्रेक्सोन. "एक व्यसन सोडून दुसरे लावले" असे लोक म्हणतात. ते बरोबर नाही. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. या औषधाने माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो आणि मृत्यूचा धोका घटतो.

आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असायलाच हवी. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सोसण्याची ताकद उतरते. केंद्रातून घरी आलेल्या माणसाने जुन्या हिशेबाने तेवढीच मात्रा घेतली तर श्वास थांबून तो दगावू शकतो. घरी आल्यानंतरचे पहिले महिने म्हणूनच जास्त जपायचे. कुणी गाढ बेशुद्ध पडला, श्वास मंद झाला, ओठ निळे पडले तर चेहऱ्यावर पाणी मारत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. नालोक्सोन नावाचे इंजेक्शन अशा वेळी जीव परत आणते.

माझा विद्यार्थी दोनदा घसरला. दोन्ही वेळा घरच्यांनी त्याला परत डॉक्टरांकडे नेले. दुसऱ्या खेपेला समुपदेशक ताईंनी त्याच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, तो मान खाली घालून हो-हो करत होता. मग तिथल्या एका कर्मचाऱ्याने कानडीत विचारले, जेवलास का बाबा? तेव्हा तो बोलायला लागला. आज त्याला सलग चार वर्षे झाली. मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. पूर्ण सुटलो असे तो म्हणत नाही, आजचा दिवस सुटला म्हणतो.

तर वाचकहो, घरात अशी शंका आली तर काय करावे? पोलिसांच्या भीतीने लपवू नका. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातच, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याच्या आरोपातल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यातून सवलत मिळण्याची तरतूद आहे. साखळीने बांधणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रात पाठवू नका; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंड घालण्यास बंदी आहे. गुपचूप औषध देऊ नका, लग्न हा उपचार समजू नका. जवळच्या जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. धारवाडची डिम्हान्स, बेंगळूरची निम्हान्स, पुण्याचे मुक्तांगण ही नावे लिहून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ वर मराठी आणि कानडी दोन्हींत बोलता येते.

अफू आवाज करत नाही, हाच तिचा मोठा धोका. बाबूजी गप्प होते, बाळगोळीचे बाळ गप्प होते, सळी घातलेला मुलगा गप्प होता. आणि प्रत्येक घराने त्या गप्प राहण्यालाच शांतता मानले. आपल्याकडे विचारायला दोन भाषा आहेत. एकीत मूल मान खाली घालत असेल तर दुसरीत विचारा. रागाने नको, आधी जेवलास का म्हणून विचारा. मग ऐकायला वेळ काढून बसा, कारण बोलायला त्याला वेळ लागणार आहे.